हिवाळी क्लासिक रॅली: बर्फात जुनी गाडी घेऊन पहिल्यांदा उतरताना

ताशी ४८ किलोमीटर. आकडा वाचून कोणालाही वाटेल, एवढंच ना? आता हाच वेग वरंधा घाटासारख्या वळणांवर, रात्री, साठ वर्षांच्या गाडीत, रस्त्यावर बर्फ असताना अठरा किलोमीटर सलग धरायचा आहे. सेकंदभर लवकर पोहोचलात तरी दंड, उशिरा पोहोचलात तरी दंड. आणि वेळ नेमकी कुठे मोजली जाणार, ते कोणी सांगणार नाही.

मी पुण्यात टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ घालण्याच्या) रॅल्यांमध्ये नॅव्हिगेटर म्हणून शिकले. दादा नोकरीसाठी जर्मनीत गेला, तिथे त्याने जुनी व्होल्व्हो ॲमेझॉन घेतली आणि एका डिसेंबरात फोन केला, "अगं, तुझी ती स्टॉपवॉच घेऊन ये." तेव्हापासून हिवाळ्याची सुट्टी ठरलेली आहे. आपल्याकडे टीएसडी खेळणारी पुष्कळ मंडळी आहेत, युरोपात राहणारी आणि जुन्या गाड्यांवर जीव असणारी मराठी माणसंही आहेत. त्यांना पहिल्या खेपेला जे माहीत असायला हवं, ते इथे क्रमाने सांगते.

१. आधी खेळ समजून घ्या

या रॅलीत शर्यत नसते. रस्ते बहुतेकदा वाहतुकीला खुले असतात, म्हणून सरासरी वेग साधारण ५० च्या आतच ठेवलेला असतो. मार्ग टप्प्याटप्प्यांत वाटलेला असतो. काही टप्पे नुसते एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचण्याचे, ते दिलेल्या मिनिटाला संपवायचे. खरा कस लागतो तो नियमिततेच्या टप्प्यांत, म्हणजे आपल्या टीएसडीत. दिलेली सरासरी प्रत्येक मीटरला पाळायची, कारण वेळ टिपणारी ठिकाणं लपवलेली असतात. कुठे माणूस झाडामागे घड्याळ घेऊन बसतो, कुठे गाडीत बसवलेलं जीपीएस यंत्र परस्पर नोंद करतं. इटलीतल्या काही स्पर्धांत रस्त्यावर हवेची नळी आडवी टाकलेली असते आणि चाक तिच्यावरून गेल्याचा क्षण सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात.

या खेळाची पंढरी म्हणजे माँटे कार्लो. मूळ रॅली १९११ ची. युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून गाड्या निघायच्या आणि ऐन जानेवारीत मोनॅकोला पोहोचायच्या. तिच्या आठवणीत मोनॅकोचा ऑटोमोबाइल क्लब १९९८ पासून जुन्या गाड्यांची 'माँटे कार्लो हिस्टॉरिक' घेतो. फ्रान्समधल्या आर्देश भागातलं ब्युर्झे, सँ-बोने-ल-फ्रुआ, मग आल्प्स आणि शेवटी तुरिनीचा घाट, ही नावं तिथल्या रॅलीवाल्यांच्या तोंडी सारखी असतात. तुरिनीची उंची १६०७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) जवळपास. एवढ्या उंचीवरून वळणावळणांनी उतरणारा अरुंद रस्ता डोळ्यांसमोर आणा आणि त्यावर रात्रीची गोठण घाला.

२. पहिली रॅली लहान घ्या

एकदम माँटे कार्लोचा अर्ज भरू नका. तिथे अनेक दिवस आणि रात्री झोप मोडून चालवावं लागतं. ब्रिटनमध्ये डिसेंबरात देशाच्या नैर्ऋत्य टोकापासून थेट उत्तर टोकापर्यंत जाणारी 'ले जॉग' आहे. तीही कसलेल्या लोकांसाठी, पहिल्या खेपेला नको. इटलीत डोलोमाइट डोंगरांत मादोना दी काम्पील्योला जानेवारीत 'विंटर मॅरेथॉन' होते. एक-दोन दिवसांच्या छोट्या हिवाळी स्पर्धा जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये क्लब घेत असतात. त्यांत नवशिक्यांचा वेगळा गट असेल तर तोच निवडा. त्या गटात रोडबुक, म्हणजे वाट दाखवणारी पुस्तिका, सोपं असतं आणि हिशेबाची चूक कळायला वेळ मिळतो.

भारतातून जाणार असाल तर स्वतःची गाडी नेण्याच्या भानगडीत पडू नका. तिकडे रॅलीसाठी तयार केलेल्या जुन्या गाड्या भाड्याने मिळतात, मेकॅनिकसकट. महाग पडतं, पण जहाजाने गाडी पाठवण्यापेक्षा सोपं. व्हिसा, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, स्पर्धेचा परवाना लागतो का, विमा कोणाचा, एवढं आयोजकांना लेखी विचारून घ्या. स्वतःची गाडी असेल तर तिच्या जुनेपणाचं ओळखपत्र मागतात. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' देते, ते बऱ्याच ठिकाणी चालतं. ते हातात यायला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यातच अर्ज करा.

३. गाडी कोणती

जी रोज चालू होते ती. दादाच्या ओळखीतले एक गृहस्थ फार देखणी इटालियन गाडी घेऊन आले होते. पहिल्याच पहाटे तिचा डायनामो दिवे, हीटरचा पंखा आणि वायपर एकदम पेलू शकला नाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवर पडतं, म्हणून बर्फात त्या पकड घेतात. एरिक कार्लसनने १९६२ आणि १९६३ मध्ये साब ९६ घेऊन माँटे कार्लो जिंकली, १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्कने मिनीवर आणि १९७२ मध्ये सांद्रो मुनारीने लान्चिया फुल्वियावर. तिन्ही गाड्या पुढून ओढणाऱ्या. मागे इंजिन असलेल्या आल्पीन ए११० चं यशही त्याच कारणाने, फक्त वजन मागच्या चाकांवर. आमची ॲमेझॉन पुढे इंजिन, मागे ओढ अशी, त्यामुळे बर्फात तिचं मागचं अंग हलकं पडतं. तरी मजबूत आहे, सुटे भाग मिळतात आणि हीटर उत्तम आहे. हीटर ही चैन नाही. तो नसेल तर काच आतून धुरकटते आणि काही दिसत नाही.

नियमावलीतला दिव्यांचा भाग शब्द न् शब्द वाचा. १९६६ मध्ये माँटे कार्लोत पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या तिन्ही मिनी हेडलाइटच्या कारणावरून बाद झाल्या आणि सित्रोएन चालवणाऱ्या पाउली तोइवोनेनला विजेता घोषित केलं गेलं. तपासणीच्या टेबलावर कोणी तुमची बाजू ऐकत बसत नाही.

४. अंतर मोजायला शिका, बाकी सगळं त्यानंतर

नवे लोक वेगाचा विचार करतात, पण ही रॅली अंतरावर हरली जाते. घड्याळ सगळ्यांचं बरोबरच असतं. आपण नेमक्या कितव्या मीटरवर आहोत, हेच चुकतं.

साधा हिशेब मनात पक्का करा. ताशी ४८ म्हणजे किलोमीटरला ७५ सेकंद आणि सेकंदाला सव्वातेरा मीटरांहून किंचित जास्त. ताशी ४५ म्हणजे ८० सेकंद, ४० म्हणजे ९०, ३६ म्हणजे १००. हे पाढ्यासारखं पाठ असलं की यंत्र बंद पडलं तरी तुम्ही रॅलीत राहता. मी आजही दर शंभर मीटरचा तक्ता हाताने लिहून मांडीवर ठेवते.

गाडीचं स्वतःचं किलोमीटरचं मीटर या कामाला निरुपयोगी. चाकाच्या फेऱ्या मोजणारा ट्रिपमीटर लागतो. जुन्या काळी हाल्दा ट्विनमास्टर असायचा, दातेरी चाकं बदलून जुळवायचा. आता बहुतेक जण ब्रान्ट्झसारखं इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरतात. काही स्पर्धांत जुन्या पद्धतीचीच यंत्रं चालतात, तेवढं आधी बघा.

सेन्सर कुठल्या चाकाला लावायचा? ओढणाऱ्या चाकाला कधीच नाही. बर्फावर ते जागच्या जागी फिरतं आणि ट्रिपमीटर न चाललेलं अंतर मोजतो. तीन किलोमीटरच्या चढावर चाक पाच टक्के जास्त फिरलं तर दीडशे मीटर खोटे मोजले जातात. ४८ च्या वेगाला हे अकरा सेकंद झाले. म्हणून मिनीला मागच्या चाकावर, आमच्या ॲमेझॉनला पुढच्या. पुढच्या चाकावर लावलात तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना, ते गाडी उचलून बघा. मडगार्डच्या आत साठलेला बर्फ गोठून दगडासारखा होतो आणि वायर ओढून तोडतो. वायरवर जाड रबरी नळी चढवा आणि प्रत्येक थांब्यावर तो बर्फ हाताने काढा.

मग कॅलिब्रेशन. आयोजक साधारणपणे मोजलेला एक पट्टा देतात. रोडबुकात १०.०० किलोमीटर लिहिलंय आणि तुमचा ट्रिपमीटर १०.१२ दाखवतो, तर तो १.२ टक्के जास्त बोलतोय. यंत्राचा आकडा त्या प्रमाणात दुरुस्त करायचा. पट्ट्यावरून जाताना वळणं जशी घेणार तशीच घ्या. आतून कापत गेलात तर अंतर कमी भरतं.

आता आमची चूक सांगते. पहिल्या रॅलीत दुपारच्या थांब्यावर पुढे बर्फ आहे असं कळलं, म्हणून आम्ही साधी चाकं काढून खिळ्यांची चढवली. खिळ्यांच्या टायरचा घेर थोडा लहान होता, पण माझ्या यंत्रात सकाळचाच आकडा राहिला. पुढचा टप्पा १८ किलोमीटरचा. ट्रिपमीटर १.२ टक्के जास्त दाखवत होता, म्हणजे शेवटी २१६ मीटर. मी दादाला शांतपणे सांगत होते, "दोन लवकर, हळू घे," आणि प्रत्यक्षात आम्ही सोळा सेकंद मागे पडलो होतो. निकालाचा कागद हातात आला तेव्हा दादा काही बोलला नाही, पण रात्री गॅरेजमध्ये बसून त्याने डॅशबोर्डवर पांढरी चिकटपट्टी लावली. तिच्यावर दोन आकडे लिहिले, एक साध्या टायरचा, एक खिळ्यांचा. चाक बदललं की त्या आकड्यावर मी बोट ठेवते, मोठ्याने वाचते आणि तो "हो" म्हणतो. मगच इंजिन सुरू होतं.

एवढं करूनही बर्फात अंतर सरकतंच. ब्रेकखाली चाक घसरलं की अंतर मोजलंच जात नाही. म्हणून रोडबुकातल्या प्रत्येक खुणेला ट्रिपमीटर जुळवून घ्या: तिठा, पूल, गावाची पाटी. ट्यूलिपची चित्रं, म्हणजे रोडबुकातल्या तिठ्या-वळणांच्या छोट्या आकृत्या, आपल्याकडे असतात तशीच, गोळा म्हणजे आपण, बाण म्हणजे जायची दिशा. बर्फाने पाटी झाकली असेल तर अंदाजाने जुळवू नका, पुढच्या खुणेची वाट बघा.

५. दोघांची भाषा ठरवा

"मागे" हा शब्द गाडीत वापरू नका. आपण वेळेच्या मागे आहोत की मागे काही राहिलं, हे अंधारात कळत नाही. आम्ही फक्त दोन शब्द ठेवलेत, "लवकर" आणि "उशीर", आणि आधी आकडा. "तीन उशीर." "एक लवकर." "शून्य." बस. नॅव्हिगेटरने आवाज चढवायचा नाही. आठ सेकंद उशीर झालेला असतानाही शून्याच्याच सुरात सांगायचं, कारण आवाजातली घाई चालकाच्या पायात उतरते.

वळणाआधी काय करायचं हेही ठरवा. आखूड वळणावर जुनी गाडी हमखास चार-पाच सेकंद गमावते. ते सेकंद पुढच्या सरळ पट्टीवर हळूहळू भरून काढायचे. पुढे बर्फ दिसत असेल तर भरून काढूच नका. दादा अशा वेळी म्हणतो, "राहू दे," आणि मी आकडा सांगणं थांबवते. दहा सेकंदांचा दंड सोसता येतो, दरीकडची घसरण नाही. हा नियम घरून निघतानाच दोघांनी मान्य केलेला असावा, रात्री दोनला त्यावर वाद घालता येत नाही.

सराव बर्फाशिवायही होतो. पानशेतच्या रस्त्यावर पहाटे गर्दी नसताना दहा किलोमीटर ३६ च्या सरासरीने चालवून बघा. वाटतं तितकं सोपं नाही.

६. थंडीसाठी गाडीची तयारी

रेडिएटरमध्ये कूलंट आणि पाणी निम्मे निम्मे. हे मिश्रण उणे तिशीच्या खालीही तग धरतं. थर्मोस्टॅट काम करतो का ते बघा. रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा किंवा जाड कापड लावतात, इंजिन लवकर तापतं आणि हीटरला गरम पाणी मिळतं. घाटाच्या चढावर मात्र तापमानाच्या काट्याकडे लक्ष असू द्या.

बॅटरी नवी घ्या, थंडीत तिची ताकद बरीच घटते. पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, वायपरची पाती, बल्ब, फ्यूज जवळ हवेत. काच धुण्याच्या पाण्यात न गोठणारं द्रव्य घाला. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका. ओल्या केबलसकट तो गोठतो आणि सकाळी चाक सुटत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली ठोकळा लावा. दाराच्या रबराला सिलिकॉन किंवा ग्लिसरीन चोळा, नाहीतर दार उघडताना रबर फाटून हातात येतं.

एक गोष्ट नव्या लोकांना चकवते. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, तो कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या थोडं वर, दमट धुक्यात जास्त. गाडी उगाच दम टाकते आणि पाच मिनिटं उभी केली की इंजिनाच्या उष्णतेने पुन्हा ठीक चालते. म्हणून एक्झॉस्टजवळची गरम हवा आत घेणारी नळी जोडून ठेवा.

गाडीत फावडं, ओढदोर, साखळ्या आणि दोन गोणपाटं. चाक अडकलं की त्याच्याखाली गोणपाट सरकवायचं, इतकं साधं साधन दुसरं नाही. साखळ्या घरच्या अंगणात हातमोजे घालून चढवून बघा. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर किंवा साखळ्या कायद्यानेच लागतात.

अंगावर एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. नॅव्हिगेटरने बोटं उघडी राहतील असे मोजे घालावेत, पेन्सिल धरता येते. खायला आई डिंकाचे लाडू देते आणि ते खरंच उपयोगी पडतात, एका हाताने खाता येतात, थंडीत दगड होत नाहीत, भूक मारतात.

७. टायर आणि बर्फावरचा हात

बर्फात अरुंद टायर बरा, तो बर्फ कापत खाली पकड शोधतो. खिळ्यांचे टायर काही देशांत आणि काही स्पर्धांत चालतात, काही ठिकाणी मुळीच नाही. कोरड्या डांबरावर त्यांची पकड साध्यापेक्षा वाईट असते आणि खिळे उडतात. एकाच टप्प्यात खाली कोरडा रस्ता आणि वर बर्फ असं असलं की निर्णय अवघड होतो. माझं मत असं, की नवख्याने वाईटातल्या वाईट तुकड्यासाठी टायर निवडावा आणि कोरड्यावर सेकंद गमवावेत.

दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने निघा. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाआधी. वळणात ब्रेक आणि स्टिअरिंग एकदम नको. उतारावर गिअरने थोपवा. फिनलंडचे चालक डाव्या पायाने ब्रेक दाबत मिनी वळवायचे, ते बघायला सुंदर आहे, पण पहिल्या रॅलीत करायची गोष्ट नव्हे. रॅलीआधी एक दिवस बर्फाच्या मोकळ्या मैदानावर शिकवणीला द्या. आल्प्समध्ये आणि उत्तरेच्या देशांत अशा जागा आहेत.

पांढरा बर्फ दिसतो. भीती काळ्या गोठणीची, फ्रेंच तिला व्हर्गला म्हणतात. ओला रस्ता दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकातून तुषार उडत नाहीत, म्हणजे तो ओला नाही, गोठलेला आहे. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. डोंगराची उत्तरेकडची सावलीतली बाजू दुपारीही गोठलेली असते. आर्देशच्या पठारावर बुर्ल नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि शेतातला कोरडा बर्फ उचलून रस्त्यावर ढीग घालतो. अर्ध्या तासापूर्वी मोकळा असलेला रस्ता भरलेला मिळतो. अनुभवी संघ नियमांत बसत असेल तर आपली एक गाडी पुढे पाठवतात आणि ती बर्फाच्या जागा फोनवर कळवते. तुमच्याकडे ती नसेल तर टप्प्याआधी घाटातून खाली येणाऱ्या स्थानिक माणसाला विचारा. आम्हाला एका दूधवाल्याने हाताच्या खुणेने सांगितलं होतं, तिसऱ्या वळणानंतर सांभाळा. तिसऱ्या वळणानंतर खरंच रस्ता आरशासारखा होता.

८. प्रत्यक्ष रात्री

आयोजकांच्या घड्याळाशी आपली दोन्ही घड्याळं सेकंदाला जुळवा. दोन का, तर एक थंडीत थांबतं. गाड्या बहुधा मिनिटामिनिटाने सुटतात. तुमची वेळ कागदावर लिहा, पाच मिनिटं आधी रांगेत उभे राहा, काच आतून कोरड्या कापडाने पुसा. शेवटच्या दहा सेकंदांत नॅव्हिगेटर मोजतो, दुसरं कोणी बोलत नाही.

मागून वेगवान गाडी आली तर बाजू द्या. समोरून ट्रॅक्टर आला तर थांबा. अशा अडवणुकीसाठी काही स्पर्धांत वेळेची सूट मागता येते, तिचा फॉर्म रोडबुकात असतो. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांमागे आंधळेपणाने जाऊ नका, तिची सरासरी वेगळी असू शकते आणि ती चुकीच्या रस्त्यालाही गेलेली असू शकते. वाट चुकलात तर शेवटच्या ओळखलेल्या खुणेपाशी परत या आणि गेलेली मिनिटं त्या टप्प्यातच सोडून द्या. पुढचा टप्पा शून्यापासून सुरू होतो.

९. घरी आल्यावर

तिकडच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते जुन्या पत्र्याला किडीसारखं खातं. दादा त्याच संध्याकाळी गाडी उचलून खालून कोमट पाण्याने धुतो: चाकांच्या मागचे कोपरे, दारांच्या खालच्या पट्ट्या, ब्रेकच्या नळ्या. मग दारं, डिकी, बॉनेट सगळं उघडं ठेवून तिला रात्रभर वाळू देतो. तेवढ्यात मी ट्रिपमीटरचे दोन्ही आकडे, टायरची हवा आणि त्या दिवशीचं तापमान वहीत उतरवून घेते. पुढच्या जानेवारीत पहिलं पान तेच उघडायचं असतं.